पूर ओसरल्यावर शाळा केव्हा उघडावी

परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठी असलेल्या शाळांनी एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. गावी ऊन पडले तरी पैठणच्या जायकवाडी धरणातून सोडलेले पाणी मागाहून येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीच्या जोडीस हा विसर्ग आला व काठची गावे पुराने वेढली. तेव्हा केवळ आभाळ निवळले एवढ्यावरून शाळा उघडू नये.

प्रथम वाटेची पाहणी करावी. ओढ्यापलीकडील वस्तीवरचे सर्वांत लहान मूल पाण्यात पाय न घालता शाळेत पोहोचेल काय, हीच खरी कसोटी होय. नंतर इमारत पाहावी. काळी माती ओलीने फुगते व वाळताना आकसते. म्हणून भिंतीची भेग उन्हातही रुंदावते. अशा भिंतीजवळ वर्ग भरवू नये. पिण्याचे पाणी निर्जंतुक करावे, भिजलेले धान्य पोषण आहारात वापरू नये आणि तपासणी होईपर्यंत वीजप्रवाह बंद ठेवावा.

ही पाहणी शिक्षकांनी विनाविलंब करून वरिष्ठांस लेखी कळवावी. कारण योग्य निर्णयास गावाची खरी स्थिती कळावी लागते. बुडालेला दिवस पुढे भरून काढता येतो. ओढ्यात वाहून गेलेले मूल परत येत नाही.