हात कोपरापर्यंत धुवून

पहाटे साडेपाच. मे संपत आलाय, आणि आष्टीत बरी वाटेल अशी हवा या एवढ्याच तासाभरात मिळते. चहाआधी माशांच्या टाकीतलं थर्मामीटर बघतो. २८. रात्रभर टेबलफॅन टाकीच्या पाण्यावर सोडला होता, तेव्हा कुठे. टाकी अडीच फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली तर ७० लिटर. आत गप्पी आहेत, तळाशी चार कोरीडोरास आणि लाल चेरी झिंगे. झिंगे किती, ते सांगता येत नाही. दिसतात त्याहून जास्त कवेलूच्या तुकड्यांखाली आणि जावा मॉसच्या गुंत्यात असतात. तो गुंता मुद्दाम वाढवलाय. गप्पी गरीब दिसतात, पण दोन मिलिमीटरचं पिल्लू समोर आलं की सोडत नाहीत.

एक कात तरंगतेय. नवख्याला वाटतं झिंगा मेला. मी ती काढत नाही. झिंगेच ती खातात, चुना परत मिळवतात.

सहा वाजता पाणी. पंख्यानं दिवसाला दीड-दोन लिटर उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. वरून पुन्हा बोअरचंच जड पाणी ओतत राहिलं तर महिन्याभरात टाकीतलं पाणी इतकं जड होतं की कात टाकतानाच झिंगे अडकतात. म्हणून उडालं तेवढं आरओचं भरायचं, तेही बारीक धारेनं. आईचा तांब्याचा गुंड शेजारीच असतो, पण त्यातलं थेंबभरही नाही. माणसाला जे औषध, ते यांना विष. गंमत म्हणजे झिंग्याच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबंच असतं. तरी पाण्यातलं तांबं त्याला सोसत नाही.

नऊ. दुकान. मी कृषी सेवा केंद्रात काउंटरवर असतो. म्हणजे दिवसभर नेमकं तेच विकतो, ज्याच्या वासानंही माझी टाकी रिकामी होईल.

सध्या संत्र्यावाल्यांची गर्दी आहे. पावसाआधी खोडाला बोर्डो मलम लावायचं असतं, डिंक्या रोगासाठी. एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचाच क्षार), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मिश्रण जमलं की नाही ते बघायला विळ्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो. मोरचुदाचे निळे खडे तोलताना भुकटी नखांत जाते, मनगटावर बसते.

दुसरीकडे कपाशीचं बियाणं. त्याला आधीच कीटकनाशकाचा रंगीत लेप असतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, नोव्हॅल्युरॉन. त्यातलं नोव्हॅल्युरॉन अळीला लगेच मारत नाही, तिला नीट कात टाकू देत नाही. झिंगा आणि अळी दूरचे का होईना, नातेवाईक. दोघांनाही सांगाडा बाहेरून असतो आणि वाढायचं तर तो टाकावाच लागतो. माशाला जी मात्रा जाणवतही नाही, तिच्यानं झिंगे आडवे होतात.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. मागच्या वर्षी दुकानातून आलो आणि एक कलंडलेलं रोप सरळ करायला तसाच हात टाकीत घातला. तासाभरात झिंगे वेड्यासारखे वर-खाली पळायला लागले, मग पाठीवर पडून पाय झाडू लागले. सकाळी चाळीसेक मेलेले, आणि गप्पी खायला द्या म्हणून काचेशी. त्या दिवशी मला माझ्या हाताची पहिल्यांदा भीती वाटली. खरं तर ती आधीच वाटायला हवी होती. त्याच हातानं मी रोज जेवतो.

दीड. जेवायला घरी. सदरा बाहेरच्या दोरीवर, हात कोपरापर्यंत साबणानं दोनदा. तरीही दुपारी मी टाकीला शिवत नाही. पारा ३१. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसातच. बर्फ टाकायचा मोह होतो, पण पाणी एकदम गार झालं तर झिंगे अवेळी कात टाकतात. त्यापेक्षा मागच्या काचेला ओलं गोणपाट लावायचं. माठाचीच युक्ती. कूलरचं तोंडही जरा तिकडे वळवलं.

"आता त्यायले बी कूलर पायजे काय?" आई.

साडेचार. गिऱ्हाईक कमी. अप्पर वर्ध्यावर जाळं टाकणारा एक ओळखीचा धीवर येऊन बसला. "धरणातले जित्ते झिंगे आनू का भाऊ? फुकटात देतो." त्याला समजावलं, की तुमचे नांगीवाले, माझ्या गप्पी धरून खातील, शिवाय सोबत कोणता परजीवी येईल सांगता येत नाही. तो हसला. झिंगे पाळायचे आणि खायचे नाहीत, हे त्याला पटत नाही. आईलाही नाही. ती दर आठवड्याला विचारते, "भाजीपुरते झाले का रे?"

साडेआठ. आंघोळ करूनच टाकीपाशी. परसातल्या पालकाचं एक पान उकळत्या पाण्यातून काढून टाकलं. बाजारचा पालक नाही. कशाची फवारणी झाली ते मला फार चांगलं माहीत असतं. खोलीत डासांचं लिक्विडही नाही, कारण हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. घरचे त्यासाठी मच्छरदाणीत झोपतात आणि मला बोलतात.

दहा. बॅटरी मारून पाहिलं. कवेलूच्या कडेला एक मादी, पोटाखाली पिवळट अंडी, पोटाचे पाय सतत हलवून त्यांना पाणी घालतेय. अजून तीनेक आठवडे तिचं हेच काम.

सव्वादहाला लाइन गेली. पंखा थांबला, पंप थांबला. अंधारात चाचपडत सेलवरचा पंप लावला. सेल कालच बदलले होते.