न दिसणाऱ्या प्रकाशाने दृष्टीची परीक्षा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांचे नातेवाईक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "नंतर नीट दिसेल ना?" उत्तर भिंगापेक्षा त्यामागील दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, अधिक अवलंबून असते. पडद्याची संवेदनक्षमता तपासताना रुग्णास प्रकाशाचे मंद ठिपके दाखवितात. ठिपका दिसताच त्याने बटण दाबावयाचे. परंतु गढूळ भिंगातून हा प्रकाश विखुरतो, आणि ठिपका न दिसल्यास दोष भिंगाचा की पडद्याचा, हे सांगणे अवघड होते.

यावर एक निराळा मार्ग शोधला जात आहे. मनुष्यास साधारणतः 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडील अवरक्त प्रकाश दिसत नाही. तथापि, 1000 नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या अवरक्त लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद पडद्यावर पडले असता मनुष्यास रंग दिसतो. पोलंडमधील तोरुन येथील निकोलस कोपर्निकस विद्यापीठ व अमेरिकेतील संशोधक यांनी यामागील कारण 2014 साली प्रसिद्ध केले.

आम्ही हिशेबाच्या क्षेत्रातील माणसे. म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. पडद्यातील रंगद्रव्य ही जणू रुपयाची तिकिटे देणारी खिडकी आहे. अवरक्त प्रकाशकणाजवळ फक्त आठ आणे असतात. एकट्याला तिकीट मिळत नाही. परंतु असे दोन कण नेमके एकाच क्षणी पोहोचले, तर रुपया पुरा होतो. म्हणूनच 1040 नॅनोमीटरचा प्रकाश त्याच्या निम्म्या, म्हणजे 520 नॅनोमीटरच्या प्रकाशासारखा हिरवा भासतो. दोन कण एकत्र शोषले जाण्याची ही शक्यता मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 सालीच मांडली होती. असा योग साधण्यासाठी स्पंद फेमटोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका, लहान असावा लागतो.

लाभ दुहेरी आहे. अवरक्त प्रकाश गढूळ माध्यमात कमी विखुरतो. शिवाय जो थोडा विखुरतो, त्याची तीव्रता दोन कणांच्या मेळास पुरत नाही. त्यामुळे ठिपका रेखीव राहतो. शक्ती दुप्पट केल्यास परिणाम चौपट होतो, हेही मोजणीस उपयोगी. पडद्याची छायाचित्रे आजही उत्तम निघतात. पण छायाचित्र रचना दाखविते, दिसते की नाही हे रुग्णच सांगू शकतो.

काही देणगीदारांनी या यंत्राविषयी आस्थेने चौकशी केली. ते आपल्या रुग्णालयात नाही. ही पद्धत अद्याप मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यात असल्याने त्यासाठी निधी राखून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. मधुमेही रुग्णांनी मात्र दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. तसेच, प्रयोगशाळेत लेसरची शक्ती सुरक्षित मर्यादेत काटेकोरपणे ठेवलेली असते. जत्रेत मिळणाऱ्या लेसरच्या खेळण्यांची तशी खात्री नसते. ती मुलांच्या डोळ्यांपासून कृपया दूर ठेवावीत.