अतिनील किरण आणि रायगडचे पाणी

सूर्यप्रकाशातील जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण म्हणजे अतिनील किरण. त्यांतला २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा जंतूंना सर्वांत घातक असतो. सूर्याकडून येणारा हा पट्टा वातावरणातच अडतो, म्हणून तो दिव्यातून निर्माण करावा लागतो. पाऱ्याच्या वाफेचा कमी दाबाचा दिवा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण देतो. ते जंतूच्या डीएनएत शोषले जातात, तिथले शेजारशेजारचे थायमिनचे घटक एकमेकांना चिकटतात आणि जंतूची वाढ थांबते. जंतू तत्क्षणी मरतोच असे नाही, पण ज्याची संख्या वाढत नाही तो रोगही करू शकत नाही. क्लोरीनला ज्यासाठी अर्धा तास द्यावा लागतो, ते काम इथे काही सेकंदांत होते आणि पाण्याला वास येत नाही.

सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे डाऊन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरात पाण्यावर अतिनील दिव्याचा प्रयोग झाला. पुढे क्लोरीन स्वस्त ठरला आणि दिवा मागे पडला. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, मात्र अतिनील किरणांच्या थोड्या मात्रेनेही निकामी होतो, हे त्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. आज न्यूयॉर्कसारखे महानगर आपले बहुतांश पाणी या किरणांखालून नेते.

१९९०च्या दशकातच, मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी गावासाठी उपकरण घडवले. १९९२-९३ मध्ये भारत-बांगलादेशात पटकीच्या नव्या प्रकाराने थैमान घातले होते. ते पाहून त्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेत ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ तयार केले. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नसतो. उथळ पन्हळीतून पाणी उताराने वाहते आणि दिवा त्याच्या वर टांगलेला असतो, त्यामुळे त्यावर क्षार चढत नाहीत. सुमारे ६० वॅट विजेवर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक होते. ही साधी रचना हेच या संशोधनाचे मोठेपण आहे.

रायगडच्या किनारपट्टीवर मात्र दिवा बसवण्याआधीचे काम मोठे आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पहिल्या सरींबरोबर धरणांत, ओढ्यांत, विहिरींत तांबडी माती उतरते. किरण गाळातून आरपार जात नाहीत; मातीच्या कणाआड बसलेला जंतू सुखरूप राहतो. म्हणजे ज्या पावसाळ्यात अतिसार आणि काविळीचा धोका सर्वाधिक, त्याच दिवसांत दिवा सर्वांत दुबळा पडतो. तुरटीने गाळ खाली बसवणे आणि वाळूच्या थरातून पाणी गाळणे याला पर्याय नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) असावा. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. गाळण यंत्रणेवर खर्च न करता दिवे बसवणारी योजना पैसा वाया घालवते.

दुसरी मर्यादा नळाची. दिव्याखालून गेलेल्या पाण्यात संरक्षण उरत नाही. पुढे जलवाहिनी फुटली, गटाराचे पाणी शिरले, साठवण टाकी अस्वच्छ राहिली, तर तेच पाणी पुन्हा दूषित होते. म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि पाण्यात उरलेला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी सोडून चालणार नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे मानक सांगते. अतिनील दिवा क्लोरीनचा भार हलका करतो, त्याची जागा घेत नाही.

विजेचाही प्रश्न आहेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की पाणी आपोआप थांबवणारी झडप आणि जनरेटर किंवा सौर पॅनल ही इथल्या संचाची मूळ गरज धरली पाहिजे.

खारेपाटातील, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील, मचूळ विहिरींवर या दिव्याचा इलाज नाही. किरण जंतू निकामी करतात. मीठ, लोह, रसायने जशीच्या तशी राहतात. पाण्यात बुडवलेल्या दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर लोह आणि क्षारांचा थर बसत जातो, तो वेळच्या वेळी पुसावा लागतो. दिवाही साधारण वर्षभर अखंड चालल्यावर बदलावा लागतो, कारण तो पेटलेला दिसला तरी त्याची मारकशक्ती घटलेली असते.