अंगावरचा रंग



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वाडीतला सातवीत शिकणारा एक मुलगा संध्याकाळी ओटीवर आला. अंगात पिवळीधमक जर्सी, तिला काळी किनार आणि छातीवर गोल बिल्ला. रत्नागिरीच्या बाजारातून मामाने घेऊन दिलेली. मी विचारले, “अरे, ही कुणाची जर्सी?”

“फुटबॉलची, गुरुजी.”

“ते कळलं रे. पण कुठल्या गावची?”

पोर बिचारे गप्प झाले. जर्सीला गाव असते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यात त्याचा तरी काय दोष? दुकानात साऱ्या जर्सी एकाच दोरीवर टांगलेल्या असतात. लाल काय नि पिवळी काय, भाव एकच.

त्या मुलाला जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे. मी काही जर्मनीला गेलेलो नाही. पण तिथल्या फुटबॉलचा नाद मला बरीच वर्षे आहे. शनिवारी दुपारी साडेतीनला तिकडे सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. सामने पाहता पाहता माझे लक्ष खेळाडूंइतकेच त्यांच्या सदऱ्यांकडे जाऊ लागले, आणि काही जर्सी माझ्या आवडत्या होऊन बसल्या. दिसायला सुंदर म्हणून नव्हे. प्रत्येकीच्या मागे एक गाव उभे आहे म्हणून.

आधी थोडी ओळख करून देतो. जर्मनीतल्या मुख्य साखळी स्पर्धेला ‘बुंडेसलिगा’ म्हणतात. ती १९६३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. तेव्हा तीत सोळा संघ होते, आता अठरा असतात. तिथले बहुतेक क्लब मूळचे सभासदांचे. वर्गणी भरणारा माणूस सर्वसाधारण सभेत हात वर करू शकतो. १९९८ पासून बाहेरच्या पैसेवाल्याला क्लबाच्या कंपनीत भांडवल घालता येते खरे, पण निम्म्याहून अधिक मते मूळ संस्थेच्याच हाती राहिली पाहिजेत, असा नियम आहे. मोजके अपवाद सोडले तर तो पाळला जातो. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेला जे कधी बसले असतील, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

आता माझी पहिली आवडती जर्सी. ही निळी. ‘शाल्के’ हा गेल्सेनकिर्शेन नावाच्या शहराचा एक भाग. सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १९०४ साली तिथल्या पोरांनी चेंडू खेळण्यासाठी क्लब काढला. सुरुवातीला त्यांचे रंग लाल आणि पिवळा होते. १९२४ पासून निळा-पांढरा आला तो कायमचा. कित्येक खेळाडू जवळच्याच खाणीशी बांधलेले. म्हणून लोक या संघाला ‘क्नापेन’ म्हणू लागले. खाणकामगाराला तिकडचा तो जुना शब्द. खाणीत उतरताना कामगार एकमेकांना ‘ग्ल्युक आउफ’ म्हणत. सुखरूप वर या, असा त्यातला भाव. १९२८ साली क्लबाने मैदान बांधले, त्याला नावही त्याच शब्दाचे दिले. १९३४ ते १९५८ या काळात या संघाने सात वेळा जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले.

पुढे कोळशाचे दिवस फिरले. एकामागून एक खाणी बंद पडल्या. शेजारच्याच बोट्रोप गावात २१ डिसेंबर २०१८ रोजी जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली, आणि तिच्यातून काढलेला अखेरचा कोळशाचा तुकडा देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. खाण गेली, जर्सी राहिली. शाल्केच्या आजच्या मैदानात खेळाडू ज्या बोगद्यातून बाहेर येतात, तो खाणीतल्या भुयारासारखा सजवलेला आहे.

हे ऐकताना तुम्हांला मुंबईचे गिरणगाव आठवले असेल. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले किती चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत राबले! खोलीत दहा-दहा जण राहायचे, पाळी सुटली की कबड्डीच्या मैदानावर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांची धुराडी थंड झाली. पण तिथली आणि गावाकडची कबड्डीची मंडळे काही त्याबरोबर बुडाली नाहीत. म्हणून शाल्केची गोष्ट मला परक्याची वाटत नाही.

दुसरी जर्सी त्या मुलाच्या अंगावरची. पिवळी-काळी, म्हणजे बोरुसिया डॉर्टमुंडची. हेही कोळसा, पोलाद आणि बिअरच्या कारखान्यांचे शहर. शाल्केपासून फार लांब नाही, म्हणूनच दोघांची चुरस हाडवैरासारखी. या क्लबाचा जन्म मोठा गमतीचा. चर्चच्या एका युवक मंडळातल्या पोरांना फुटबॉलचे वेड, आणि तिथल्या पाद्रीबाबांना त्याचा तिटकारा. १९ डिसेंबर १९०९ रोजी ही मुले एका खानावळीच्या खोलीत जमली. पाद्रीबाबा सभा मोडायला आले, तर मुलांनी त्यांना दारातच अडवले. क्लबाला नाव दिले ते शेजारच्या बिअरच्या कारखान्याचे. पहिली जर्सी मात्र निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती, वर तिरपा लाल पट्टा. पिवळा-काळा रंग आला तो १९१३ साली. आज त्यांच्या मैदानाच्या दक्षिण बाजूला सुमारे पंचवीस हजार माणसे उभ्याने सामना पाहतात. सारी पिवळ्यात. त्या बाजूला ‘पिवळी भिंत’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

तिसरी स्टुटगार्टची. पांढरा सदरा आणि छातीभोवती एक रुंद लाल पट्टा. बस्स, एवढेच. १९२५ पासूनचा हा पट्टा. कापड बदलले, शिवण बदलली, गळ्याचा आकार बदलला, पण लांबून पाहणाऱ्याला अजून बिल्ला वाचावा लागत नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. खूण जितकी साधी, तितकी ती मनात टिकते.

चौथी जर्सी एका बंदराची. हांबुर्ग शहरात गोदीला लागून ‘सांक्ट पाउली’ ही वस्ती आहे. खलाशी, हमाल, गरीबगुरीब यांची. तिथल्या क्लबाचा रंग चक्क तपकिरी. फुटबॉलमध्ये हा रंग सहसा कुणी घेत नाही. पण मिरकरवाड्याच्या जेटीवर उन्हापावसात रापलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला तो रंग बंदराला शोभतो असेच वाटेल. या क्लबाने २०२१ पासून तीन हंगाम स्वतःच्या जर्सी स्वतःच बनवून घेतल्या. २०२४ मध्ये ते पुन्हा एका मोठ्या कंपनीकडे वळले. सगळेच प्रयोग काही कायम टिकत नाहीत. पण त्याच वर्षी त्यांनी दुसरे पाऊल टाकले. आपल्या मैदानाची मालकी लोकांच्या हाती यावी म्हणून त्यांनी चक्क सहकारी संस्था काढली! एका भागासाठी खर्चासकट साडेआठशे युरो मोजावे लागत होते. वीस हजारांहून अधिक माणसे भागधारक झाली. सहकाराच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्याला याचे कौतुक वाटलेच पाहिजे.

पाचवी जर्सी समुद्रातून आली. पूर्वी जर्सी सुती असत. पावसात भिजल्या की जड व्हायच्या. आताचे पॉलिएस्टर पाणी फारसे पीत नाही, घाम पसरून लवकर वाळतो. पण हा धागा म्हणजे प्लास्टिकच. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी म्युनिकच्या बायर्न क्लबाचे खेळाडू मैदानात आले ते मालदीवच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या प्लास्टिकपासून बनवलेली लाल जर्सी घालून. म्युनिक कुठे, मालदीव कुठे! आणि मधला समुद्र तर आपलाच, अरबी समुद्र. आपल्या भाट्याच्या वाळूत भरतीबरोबर काय काय येऊन पडते ते आपण पाहतोच. एका जर्सीने समुद्र स्वच्छ होत नाही. पण बाटलीचा धागा होतो, एवढे तरी मुलांना त्यातून सांगता येते.

आता सहावी. ही माझी आवडती आहे की नावडती, ते मला अजून ठरवता आलेले नाही. ब्राउनश्वाइग शहराचा क्लब. बिल्ल्यावर त्या शहराचा लाल सिंह. १९७३ साली क्लबाला पैशांची नड होती. एका मद्याच्या कंपनीच्या मालकाला जर्सीवर आपली जाहिरात हवी होती. पण जर्मन फुटबॉल संघटना खेळाडूच्या छातीवर जाहिरात चालू देईना. तेव्हा एक तोड काढली गेली. कंपनीची खूण होती सांबराचे मुंडके. सभासदांनी ठराव करून सिंह काढला आणि ते मुंडकेच क्लबाचा बिल्ला म्हणून घेतले! बिल्ल्याला हरकत कशी घेणार? २४ मार्च १९७३ रोजी शाल्केविरुद्ध ते सांबर मैदानात उतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संघटनेने हात टेकले आणि जर्सीवरच्या जाहिरातीला रीतसर परवानगी दिली. तेव्हापासून छाती विकाऊ झाली, असे कुणी म्हणतो. त्या पैशावर क्लब जगले, असेही कुणी म्हणतो. दोन्ही खरे आहे. मात्र पुढचे ऐका. २०१२ साली त्याच क्लबाच्या सभासदांनी मतदान करून आपला मूळचा गोल बिल्ला परत आणला.

ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तोच प्रसंग आमच्या वाडीवर आला. शिमग्याआधी कबड्डीचे सामने होते. मुलांच्या जर्सी विटून फाटल्या होत्या. एका देणगीदाराने बाराच्या बारा जर्सी द्यायचे कबूल केले. अट एवढीच, की छातीवर त्याचे नाव आणि फोटो, आणि मंडळाचे नाव बाहीवर. देवळात सभा बसली. तरुण मंडळी म्हणाली, फुकट मिळतंय, नाही कशाला म्हणायचं? त्यांचेही चुकत नव्हते. फाटक्या जर्सीत त्यांनाच खेळायचे होते. तेव्हा गिरणीत आयुष्य घालवलेले एक तात्या उठले. ते म्हणाले, “आमची गिरन गेली, खोली गेली. ह्यो हिरवा रंग तेवढा आमी मुंबैहून गावाक आणलेला हाय. त्यो बाहीवर घालू नका.”

सभा बराच वेळ चालली. अखेर ठरले ते असे: रंग हिरवाच, छातीवर वाडीचे नाव, देणगीदाराचे नाव पाठीवर आकड्याखाली. देणगीदार आधी रुसला, मग सात जर्सी दिल्यान. उरलेल्या पाच वर्गणीतून झाल्या. वर्गणी गोळा करायला तीन आठवडे लागले, आणि पहिल्या सामन्यात आमचे राखीव गडी जुन्याच जर्सीत बसले. पण त्या पाच जर्सींसाठी ज्यांनी दहा-वीस रुपये दिले, ते सारे सामन्याला आले.

अंबा घाट चढून कोल्हापुरात गेलात तर हेच मोठ्या प्रमाणावर दिसेल. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. कुस्तीची तालीम, तिच्याभोवतीची पेठ आणि पेठेचा संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. ते काही नुसते चेंडूसाठी जमत नाहीत.

आता शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या संघाला जर्सी घ्यायची वेळ आली, की दुकानातली पहिली दिसेल ती उचलू नका. आधी मुलांना विचारा, आपल्या गावचा रंग कोणता? कुणी जांभ्याचा तांबडा सांगेल, कुणी भाताचा हिरवा, कुणी होडीचा निळा. प्रत्येकाला आपले कारण पाच ओळींत लिहायला लावा. मग वर्गात मत घ्या. निबंध होईल, भूगोल होईल आणि लोकशाहीचा धडाही होईल. देणगी मिळाली तर ती आनंदाने घ्या, देणाऱ्याचे नाव मानाने लिहा. पण छातीवरची जागा कुणाची, हे मुलांनीच ठरवू द्या.

तो पिवळ्या जर्सीचा मुलगा आठवड्याने पुन्हा ओटीवर आला होता. म्हणाला, “गुरुजी, डॉर्टमुंड कळलं. पण आपल्या शाळेचा रंग कुठला?”

आमच्या शाळेच्या संघाला अजून एकसारखी जर्सी नाही. मी त्याला तेच सांगितले. तो म्हणाला, “मग आपण ठरवूया.” येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्यासाठी बसणार आहोत.