दोन थेंबांची किंमत पाच आकडी: अँटीबॉडीच्या धंद्यात विकलं काय जातं?

अंकुशनगरला समर्थ कारखान्यावर ऊस घालणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. उसातली साखर डोळ्यांना दिसत नाही, पण भावाचं गणित तिच्यावरच चालतं. एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला धरून ठरते आणि उतारा मोजूनच काढावा लागतो. आज अशाच, न दिसणारं मोजणाऱ्या एका मालाबद्दल बोलू: संशोधनासाठीची अँटीबॉडी.

हा माल आहे तरी काय?

अँटीबॉडी म्हणजे ठरावीक रेणूलाच जाऊन चिकटणारं प्रथिन. मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सीची पट्टी घ्या. गर्भ राहिला की शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं. हा एका अवयवाने दुसऱ्याला दिलेला निरोपच. पट्टीवरची अँटीबॉडी तो निरोप पकडते आणि रेघ उमटते.

पेशीच्या आतही निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक ईआरके. 'वाढ' असा निरोप आला की ईआरकेला फॉस्फेट चिकटतं आणि ते चालू होतं. कॅन्सरच्या अनेक प्रकारांत ते गरजेपेक्षा जास्त चालू राहतं. म्हणून संशोधकाला फक्त चालू झालेलं ईआरके पकडणारी अँटीबॉडी लागते. बंद असलेलं पकडलं तर ती काय कामाची? पुण्याची एनसीसीएस, आयसर, खारघरचं ॲक्ट्रेक अशा ठिकाणी पेशींवर संशोधन चालतं. या मालाचं गिऱ्हाईक तिथे बसलेलं असतं.

मग पैसे कशाचे?

छोट्या कुपीत अनेकदा 100 मायक्रोलिटरच माल असतो, म्हणजे साधारण दोन थेंब. किंमत बऱ्याचदा पाच आकडी. दिसायला पाण्यासारखा, चांगला-वाईट नुसतं बघून कळणारच नाही. म्हणून गिऱ्हाईक पैसे मोजतं ते पुराव्याला:

- निरोप दिलेल्या पेशींत पट्टा दिसतो, न दिलेल्यांत दिसत नाही किंवा अगदी फिका दिसतो.
- प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केल्यावर पट्टा ईआरकेच्या जागीच, म्हणजे 42 आणि 44 किलोडाल्टनवर येतो.
- फॉस्फेट काढून टाकलं की पट्टा गायब होतो.
- पुढच्या बॅचलाही हाच निकाल मिळतो.

हा पुरावा कच्चा असला की संशोधकाचे पैसे, महिने आणि कधी कधी सगळा निष्कर्षच वाया जातो. 2015 मध्ये शंभरहून जास्त शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात एकत्र येऊन अँटीबॉडीचा दर्जा पक्का करण्याची मागणी केली, ती यामुळेच.

आणि याच दुखण्यातून धंदाही उभा राहिला. इंग्लंडमधल्या केंब्रिजचे संशोधक जोनाथन मिलनर चांगल्या अँटीबॉडी मिळत नाहीत म्हणून वैतागले होते. 1998 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'ॲबकॅम' सुरू केली. इंटरनेटवर कॅटलॉग टाकला आणि प्रत्येक मालासोबत चाचणीची माहिती उघडपणे दिली. 2023 मध्ये डॅनाहर कंपनीने ती सुमारे 570 कोटी डॉलरला घेतली.

आपण काय घ्यायचं?

स्पष्टच सांगतो, अँटीबॉडी बनवणं हा घरातल्या एका खोलीत सुरू होणारा उद्योग नाही. शास्त्रज्ञ लागतात, शीतसाखळी लागते, आणि प्राणी वापरायचे तर सरकारी समितीकडे नोंदणी लागते. घरातलं कुणी बायोटेक शिकलेलं असेल, तर पुण्याचं व्हेंचर सेंटर आणि केंद्र सरकारची बायरॅक या दोन ठिकाणी जरूर चौकशी करा.

बाकीच्यांनी तत्त्व उचला. गूळ असो, हळद असो की पशुखाद्य, आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. 'एक नंबर माल' सगळेच म्हणतात. तुम्ही पाकिटावर बॅच नंबर टाका, लॅबचा रिपोर्ट मागितला की लगेच दाखवा, आणि माल कशासाठी चालणार नाही तेही सांगा. एखादी बॅच चाचणीत नापास झाली तर ती विकू नका, तोटा सोसा. त्या दिवशी खिशाला चटका बसेल, पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक भाव करत बसणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या मालाबद्दल तुम्ही करता ते तीन दावे वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा पुरावा लिहा. जिथे जागा रिकामी राहील, तिथून कामाला लागा.