रात्री सरळ, सकाळी तिरकी!

दोस्तांनो, रात्री नीट उभी केलेली मोटार सकाळी एका कोपऱ्यात खचलेली दिसली, पण टायर मात्र चारही टणक, तर? ओळखा, ही गाडी हवेवर उभी आहे! स्प्रिंगांच्या जागी रबराच्या पिशव्या, आणि त्या फुगवायला कॉम्प्रेसर. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहममध्ये अशीच रचना होती. चाल मऊ, पण हवा गळू लागली, तेव्हा कित्येक मालकांनी चक्क पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या!

दोष शोधायचा कसा? सायकलवाला पंक्चर शोधतो तसाच. मेकॅनिक पिशवीवर आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले, की सापडला चोर! गळती नाही, तरी गाडी तिरकीच? मग उंची मोजणाऱ्या सेन्सरचा दांडा वाकलाय का, ते पाहायचं. गळतीकडे दुर्लक्ष केलं, तर कॉम्प्रेसर सारखा चालून निकामी होतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका. बाबांनाही शिरू देऊ नका! हवा क्षणात निसटते आणि गाडी सगळ्या वजनानिशी खाली येते. आधी भक्कम स्टँड, मगच काम!