गळा आवळून पाणी मोजणारी नळी

नळ मध्येच अरुंद झाला की तिथे दाब वाढत असेल, असे बहुतेकांना वाटते. घडते उलटे. तेवढेच पाणी लहान वाटेतून जायचे तर त्याला वेग घ्यावा लागतो, आणि हा वेग दाब खर्ची घालूनच मिळतो. डॅनियल बर्नोलींच्या १७३८ सालच्या ग्रंथात या हिशेबाचा पाया आहे. इटलीच्या जोव्हान्नी बाट्टिस्टा व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद होत पुन्हा रुंदावणाऱ्या नळ्यांवरचे आपले प्रयोग पॅरिसमध्ये छापले. लिओनार्दो दा व्हिंचीच्या हस्तलिखितांतले विज्ञान जगापुढे आणणारे हेच गृहस्थ, तेही त्याच वर्षी!

त्यातून मोजमापाचे यंत्र व्हायला मात्र नव्वद वर्षे लागली. अमेरिकेतल्या होल्योक गावी कनेक्टिकट नदीचे पाणी गिरण्यांना विकले जाई. कोणी किती पाणी घेतले हे कळल्याशिवाय बिल कसे करणार? तिथले अभियंते क्लेमेन्स हर्शेल यांनी १८८७ मध्ये हा मीटर तयार केला आणि स्वतःचे सोडून व्हेंतुरींचे नाव त्याला दिले. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुले प्रयोगशाळेत ज्याच्या पाऱ्याच्या पातळ्या वाचतात, तो हाच व्हेंच्युरी मीटर.

हिशेब करून पाहू. १०० मिलिमीटरच्या नळातून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने येते आहे, म्हणजे सुमारे ७.८५ लिटर. गळा ५० मिलिमीटरचा. व्यास निम्मा, क्षेत्रफळ चौथाई, म्हणून वेग चौपट. वेगांच्या वर्गांतला फरक सोळा वजा एक, म्हणजे पंधरा. त्याला घनतेच्या निम्म्याने, म्हणजे ५०० ने गुणले की गळ्याशी होणारी दाबाची घट मिळते: ७,५०० पास्कल. पाण्याचा स्तंभ म्हणाल तर पाऊण मीटरहून थोडा जास्त. प्रवाह दुप्पट केला तर हा फरक चौपट होतो. म्हणूनच मंद प्रवाहात असे मीटर फारसे भरवशाचे नसतात.

पण ही सगळी घट तोटा नव्हे. थोडी हातउसनी, थोडी बुडीत. व्हेंच्युरीचा गळ्यापुढचा भाग सात ते पंधरा अंशांच्या कोनात सावकाश रुंदावतो, त्यामुळे पाणी भिंत न सोडता मंदावते आणि बराचसा दाब परत येतो. शेवटी बुडतात ते हजारेक पास्कल.

याच कामाचा दुसरा पर्याय ऑरिफिस प्लेट, म्हणजे नळात आडवी बसवलेली भोकाची चकती. स्वस्त, बदलायला सोपी. पण धार भोकाबाहेर पडल्यावर आणखी आकसते, म्हणून प्रवाहाच्या सूत्रात सुमारे ०.६ चा गुणक येतो. व्हेंच्युरीत तो ०.९८ च्या आसपास असतो. त्याच ५० मिलिमीटरच्या भोकाला दाबातला फरक वीस हजार पास्कलवर जातो, आणि पुढच्या भोवऱ्यांत त्यातले सुमारे पंधरा हजार कायमचे बुडतात.

रुंदावत्या नळीची करामत रोमनांनाही ठाऊक असावी. फ्रंटिनस हा इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. तोटीपुढचा नळ रुंदावला तर ठरल्याहून जास्त पाणी ओढले जाते; म्हणून ठरलेल्या मापाच्या तोटीपुढे पन्नास फूट त्याच मापाचा नळ हवा, असा नियम त्याने नोंदवला आहे. त्याचा ग्रंथ १८९९ मध्ये इंग्रजीत आणला तोही हर्शेल यांनीच.

आपल्या उदाहरणात चकतीमुळे बुडालेले पंधरा हजार पास्कल म्हणजे जवळपास १२० वॅट. चोवीस तास चालणाऱ्या लाइनवर रोजची तीनेक युनिटे, पंपातला तोटा वेगळाच. ज्या लाइनला पंप रात्रंदिवस जुंपलेला आहे, तिथे चकतीची स्वस्ताई फसवी आहे. कोटेशन मागवताना किमतीशेजारी कायमची दाबघट लिहून घ्या.